दुपारचं औषध

पौडच्या दवाखान्यात उज्वला नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर सासू-सुना दबक्या आवाजात बोलत होत्या. सुनेच्या मांडीवर तीनेक वर्षांची पोर होती.

"आत्या, खरं सांगा. दुपारचं तापाचं औषध तुमी पाजलं का?"

"न्हाई गं रेश्मा. तू दिलं असशील म्हणून मी बाटलीला हातबी लावला न्हाई."

"मी सकाळी एकदाच दिलं. आन् आता बाटली निम्मी झालीय."

"सांडलं असंल."

"बूच घट्ट हुतं. मापाचं झाकण तेवढं वलं हुतं."

"पोरीला इचारलंस?"

"इचारलं. म्हणती, गार हाताची बाई देती."

"घरात तर आपण दोघीच हुतो."

"व्हय."

"ताप हाय का आता?"

"अजाबात न्हाई. म्हणून तर भ्या वाटतंय."

"डॉक्टरला समदं सांग. किती औषध पोटात गेलंय, ते त्यांना बघू दे."

"आन् बाईचं?"

सासूनं पोरीच्या अंगावर आपला पदर ओढला.

उज्वलानं न राहवून वळून पाहिलं. पोर आईच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं बघत होती. बघता बघता तिनं आ केला, एक घोट गिळला आणि कुणी तोंड पुसावं म्हणून हनुवटी वर धरली.