मॅडमनी गोळी झाडली न्हाय

माझं माहेर शिरूरकडचं, बाप दुसऱ्याच्या फुलमळ्यात राबायचा, म्हनून हार गुंफायला मला कुनी शिकवलं न्हाय, बघता बघताच हाताला आलं, आन लगीन होऊन वाघोलीत आले तवा हितं समदी ज्वारीची रानं होती, आता तुमीच बघा, माझं घर कुठल्या बिल्डिंगीमागं हाय ते मलाच सांगाया येत न्हाय. मी आन आमचे मालक, दोघांचा फुलांचा धंदा. पहाटं मार्केट यार्डात जायाचं, झेंडू-शेवंती टेम्पोत टाकायची, घरी येऊन हार करायचे. टेम्पो मालक चालवायचे. त्येंला शुगर हाय, सकाळी पोटात सुई घेत्यात, आन सुई घेतली की लगेच खायाला लागतं.

त्या दिवशी सुई घेऊनच निघाले, म्हनले यार्डात पोहे खातो. पन सणाचे दिवस, फुलांचा भाव काय जमंना, त्यात येळ गेला, मग म्हनले आता घरीच जेवतो. मी बी ऐकलं.

नगर रस्त्याला लागलो आन बघते तर ह्यो मानूस घामानं निथळतोय, त्या थंडीत. मी म्हनलं अहो, गाडी बाजूला घ्या, तर माझ्याकडं असं बघितलं, जशी मी कोन परकी बाई. काय सांगू ताई, इतकी वर्सं संसार केला, ते बघनं इसरत न्हाय. म्होरं पोलिसांची नाकाबंदी. सकाळीच कुनी सोनाराच्या दुकानात गोळी घालून असल्याच निळ्या टेम्पोतनं पळालं हुतं, ते आमाला काय ठावं. पोलिसानं हात केला, शिट्टी मारली, मालकांचा पाय काय ॲक्सिलेटरवरनं उठंना. मी त्येंचा हात वढते तर हात लाकडासारखा. टेम्पोनं लोखंडी अडथळा धाडकन आडवा पाडला.

एक हवालदार बंदूक रोखून उभा. त्याच्या बाजूला फौजदार मॅडम, माझ्या लेकीच्या वयाची, तिच्या बी हातात पिस्तूल, आन त्याचं तोंड आमच्या काचंकडं. मी दोनी हात काचंला लावले आन वरडले, मॅडम, शुगर हाय त्येंला, शुगर उतरली.

ऐकू गेलं का न्हाय, देव जाणे. पन तिनं हवालदाराच्या बंदुकीची नळी हातानं खाली दाबली. गोळी नाही, म्हनली. आन पिस्तूल कमरंला खोवून टेम्पोसंगं पळाया लागली, दाराला लोंबकळली, खिडकीतनं हात घातला आन चावी फिरवली. टेम्पो दुभाजकाला घासत थांबला. त्यात तिचं कोपर फुटलं, वर्दीची बाही रगतानं भिजली, तरी आधी मालकांचं डोकं सरळ केलं, टपरीवरची साखर मागवली, गालाच्या आत चोळली, मग दवाखान्यात न्हेलं. संध्याकाळी शुद्धीवर आले आन मला म्हनले, फुलं उतरवली का?

बरं वाटल्यावर दोघं चौकीत गेलो, शेवंतीचा मोठा हार घेऊन. मॅडमचा हात गळ्यात बांधलेला. म्हनली, हार राहू द्या, आधी यांना जेवायला घालत चला. मी इचारलं, तुमी गोळी का न्हाय झाडली हो? ती म्हनली, काकू, पळून जाणारा माणूस माझ्याकडं बघत नाही. तुम्ही नुसतं माझ्याकडंच बघत होतात. एवढंच दिसलं मला.

तो हवालदार तिथंच हुता. बाहेर सोडाया आला तवा म्हनला, मावशी, मी झाडली असती. आन त्यानं मालकांचे पाय धरले. आता त्याला काय बोलनार, त्याच्या अंगावर बी गाडी येतच हुती ना. आमी दोघं गेलो असतो तर लोक म्हनले असते, पोलिसांवर गाडी घातली, चोरच असतील. मेल्यावर आमचं कुनी ऐकलं असतं?

आता टेम्पो भाच्याकडं दिलाय, मालक घरी बसून दोरे कापून देत्यात, कुरकुर करत्यात, पन जेवत्यात येळेवर. मॅडमची बदली झाली, कुठं ते कळलं न्हाय. रोज पहिला हार देवाला वाहते तवा तिचं नाव घेते. म्हनते, देवा, तिच्यावर असली येळ परत आनू नको, आन आनलीस तर तिची नजर अशीच ठेव, आन तिचं पिस्तूल असंच गार राहू दे.