अण्णांचं बीपी

...नाही, तुम्हीच सांगा, ज्याच्या बापाला द्राक्षबागेत फवारताना चक्कर येते, त्यानं गंगापूर रोडच्या कॉलेजात पोरांना प्रोग्रामिंग शिकवत बसावं का? पण बसतो आपला मी. अण्णांना किती वेळा म्हटलं, बीपी मोजून घ्या. तर अण्णा काय म्हणतात? "मोजलं की निघतं. शेजारच्या भिमाजीनं मोजलं, निघालं. तवर त्याला काय नव्हतं." झालं, वाद मिटला.

आणि हे एकटे अण्णा नाहीत हो, दिंडोरीकडचं आमचं अख्खं गाव तसलंच. बरं, माझं संशोधन कशावर? तर आरोग्याच्या अपुऱ्या नोंदींवर! म्हणजे जिथे आकडा नाही तिथे कॉम्प्युटरनं अंदाजानं भरायचा. हौसेनं गावच्याच नोंदी आणून वर्गात सरावाला दिल्या, तर बीपीच्या निम्म्या जागा रिकाम्या. आमची विद्यार्थिनी तेजस्विनी विचारते, "सर, मशीन बिघडलं होतं का?" मशीन कुठलं बाई... मोजलं की निघतं.

पोरीनं प्रोग्राम झकास लिहिला, खोटं कशाला बोलू? त्यानं अण्णांच्या नावापुढे काय भरलं? नॉर्मल. का, तर मोजून घेतलेले बहुतेक नॉर्मल. अहो, चक्कर येणारे मोजायलाच आले नाहीत, तर तो बिचारा कुणाकडे बघून अंदाज करणार? हेच समजवायला मी अण्णांकडे गेलो आणि फसलो. त्यांनी 'नॉर्मल' तेवढं ऐकलं, आणि चहाच्या टपरीवर सुरू... "आमच्या योगेशच्या कॉम्प्युटरनं हात न लावता सांगितलं, मला कायबी नाय."

"अण्णा, तो नुसता अंदाज आहे."

"मंग? डॉक्टर काय येगळं करतो?"

मागल्या महिन्यात बागेत पुन्हा तोल गेला. मांडवाची तार हाताशी आली म्हणून वाचले. बीपीचं मशीन घेऊन थेट घर गाठलं, हात जोडले, म्हटलं, एकदा, माझ्यासाठी. अण्णा बाही दुमडत म्हणाले, "आधी तुझं मोज, मंग माझं." एवढंच ना? मी बाही वर सारली. मशीन गुरगुरलं, थांबलं, आणि आकडा बघून आई मटकन खालीच बसली.

आणि अण्णा? अण्णांनी दुमडलेली बाही शांतपणे खाली केली, टोपी चढवली. "बघ. मोजलं की निघतं. सकाळपस्तोर ठणठणीत होता माझा पोरगा." आणि गेले फवारायला.

आता गोळी मी खातो, आणि गावात जे उरलेसुरले मोजून घेत होते, त्यांनीही सोडलं. अण्णा त्यांना माझं उदाहरण देतात.