शॉनची बंदूक

अरे, शिकारीची हौस मला कुठली! लॉकडाऊन उठल्यावर आमच्या सर्जनने, शॉनने, बोलावलं. त्याच्या पेशंटना मीच भूल देतो, नाही कसं म्हणणार? इथे आयर्लंडमध्ये, किल्डेअरच्या रानात आम्ही रांगेनं काठ्या आपटत फेझंट पक्षी उठवत होतो आणि तो समोर बंदूक घेऊन उभा.

एक पक्षी अगदी खालून उडाला. त्याच्यामागे शॉनची बंदूक फिरली ती थेट माझ्या छातीवर. बार निघाला नाही, पण शिकार थांबवायची शिट्टी वाजली.

“रांगेवर बंदूक आली की बंदूकवाला घरी,” शिकारीचा प्रमुख मला म्हणाला. “तुझ्यावर आली?”

शॉन माझ्याकडे बघत होता. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच्याच हातात.

“आली,” मी म्हणालो.

शॉन गाडीत जाऊन बसला.

सोमवारी थिएटरमध्ये पेशंटला भूल दिली. शॉन, ज्याने आजवर मला ‘सुरू करू का’ असं कधी विचारलं नाही, तो सुरी उचलून थांबला.

“तू सांग,” म्हणाला, “मग सुरी लावतो.”