झेंडूचे हार

हसू नका, त्या दिवशी मी भलताच घोळ घातला होता. वारज्याच्या वस्तीत आम्ही भिंतींवर तिथल्याच मुलांचे मोठाले चेहरे रंगवले. उद्घाटन म्हणून मी हौसेनं प्रत्येक चेहऱ्याला झेंडूचा हार घातला.

संध्याकाळी धुणीभांडी उरकून पिंकीची आई वळणावर आली आणि लेकीच्या चित्राला हार बघून मटकन खालीच बसली. मी धावत जाऊन पिंकीला तिच्यापुढे उभं केलं. तिनं पोरीला आधी नीट चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो ताई, जित्या पोरीच्या फोटोला कोण हार घालतं?"

"चुकलं हो माझं."

"चुकलं नंतर म्हणा. आधी बाकीचे हार उतरवा. सगळ्या आया माझ्या मागनंच येतायत."