चारचौघांतली माफी

ताई : ‘महिलांचे मनःपूर्वक स्वागत’? अरे, हे तर सभागृहाच्या दारावरच्या पाटीसारखं वाटतंय.

धाकटा : म्हणून तर आमच्या वेबसाइटवर टाकण्याआधी तुला दाखवतोय. तुमच्या वाचनालयात जे सॉफ्टवेअर चालतं, ते आम्ही चाळीस जण घरबसल्या फुकट लिहितो. ओपन सोर्स, कुणीही यावं, हात लावावा. पण बाई एकही नाही. बरं दिसत नाही ते.

ताई : एकही कधी आलीच नाही?

धाकटा : आली होती एक. गेल्या वर्षी.

ताई : मग?

धाकटा : गेली.

ताई : शब्द काढायला पक्कड आणू का?

धाकटा : तिने एक दुरुस्ती पाठवली. तिच्याखाली आमच्या दाढीवाल्याने लिहिलं, ‘हे कुणाकडून करून घेतलंत?’ बाकीच्यांनी री ओढली. एकाने तर फोटो मागितला.

ताई : आणि तू? प्रमुख तूच ना?

धाकटा : गप्प बसलो. दाढीवाला एकटा दहा जणांचं काम करतो गं. तो रुसला तर सगळं ठप्प.

ताई : दुभत्या गाईच्या लाथा गोड. फक्त लाथा तिला बसल्या. दुरुस्ती कसली होती?

धाकटा : एकाच नावाची दोन पुस्तकं असली की त्यांच्या नोंदी मिसळायच्या. ती.

ताई : ती तर तू केलीस. मी वाचनालयात सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावाने केली म्हणून.

धाकटा : ती गेल्यावर मी तिचंच काम उचललं. चार ओळी इकडच्या तिकडे केल्या आणि माझ्या नावावर चढवलं.

ताई : लाज वाटतेय मला. मी ऐटीत सांगत फिरले त्याची. आणि तुझीही.

धाकटा : तिचा ईमेल आहे माझ्याकडे. आजच माफी मागतो.

ताई : अपमान चारचौघांत आणि माफी कानात?

धाकटा : ताई, तिथे लिहिलेलं कायमचं राहतं. कुणीही वाचतं. दाढीवाला सोडून जाईल. बारा वर्षं घातलीत मी यात.

ताई : मग तिला जे बोललात, तेही अजून तिथेच असेल.

धाकटा : आहे.

ताई : नवी येणारी आधी तेच वाचते रे. कुठल्याही नव्या जागी पाऊल टाकण्याआधी आम्ही बघतो, आधीच्या बाईचं तिथे काय झालं. तुझं स्वागत वाचायला थांबतंय कोण?

धाकटा : बरं. त्याच्याच खाली लिहितो. ‘ही दुरुस्ती माझी नाही, यांची आहे. आज त्यांचं नाव लावतोय. तेव्हा मी गप्प बसलो, ते चुकलं.’

ताई : हं.

धाकटा : का गप्प बसलो, तेही लिहू?

ताई : नको. मग ते तुझंच गाऱ्हाणं होईल.

धाकटा : बटणावर बोट आहे, पण दाबवत नाही गं.

ताई : पहिल्यांदा दुरुस्ती पाठवताना तिलाही दाबवत नसेल.