जुनी लाइन काय वाईट हाय?

मी भाषण देणं का सोडलं, ते ऐका. अकोल्यात आमच्या गल्लीची पाण्याची लाइन बदलावी म्हणून मी घरोघर फिरून सह्या घेतल्या. सगळ्यात शेवटी सही कोणाची? माझ्या बाबांची! "जुनी लाइन काय वाईट हाय, बाई?" हे एकच पालुपद. मला तर चीडच यायची.

खोदकाम सुरू झालं. जुना पाइप उघडा पडला, तर त्याला चोरून जोडलेली एक नळी! मी तिथेच सुरू झाले, "आठवड्यातून एकदा नळ येतो, आणि आपल्या वाट्याचं पाणी हा चोर ओढतो! कोण आहे तो?"

"थांबा ताई, पाहू," म्हणत मिस्त्री नळी उकरत निघाला. मागे अख्खी गल्ली. नळी आमच्या फाटकाखालून थेट न्हाणीघराच्या टाकीत गेली.

बाबा केव्हाच गच्चीवर पसार झाले होते. मी ओरडले, "आई, हे काय आहे?"

आई शांतपणे म्हणाली, "अवं, आठवड्यातून एकदा नळ येते, आन तू रोज दोन डाव आंघोळ करते. तुले काय वाटलं, टाकी देव भरून राहिला होता?"