पहिलं झाड

ऑर्विल : म्हणजे माझ्या तोंडाला कुलूप.

लोर्ना : कुलूप नाही, बाबा. बोलायचं, पण सगळ्यांच्या शेवटी. समितीत सगळ्यात लहान असेल तो आधी बोलेल, मग चढत्या वयाने बाकीचे.

ऑर्विल : सरोवर गोठलं की या बेटावरून बर्फावर गाड्या कधी सोडायच्या, ते आपल्या घराने ठरवलंय. आधी माझ्या वडिलांनी, मग मी. आता कालची पोरंटोरं आधी बोलणार आणि मी मांडीवर हात ठेवून बसणार?

लोर्ना : हो. अध्यक्ष मी आहे. तुम्हीच मत दिलंत मला.

ऑर्विल : तुझ्याकडे बघून दिलं. हे असले नियम काढशील हे कुठे ठाऊक होतं.

ड्वेन : (दारातून) येऊ का? की सासरा-सुनेचं अजून मिटायचंय? हॉलवर सगळे आलेत. नाताळची झाडं गाडीत मागे रचून ठेवलीत, हो म्हणालात की बर्फावर रस्त्याच्या खुणा म्हणून ती रोवायला निघालो. फेरीबोट बांधून ठेवल्यापासून घरात बसून बायकोच्या शिव्या खातोय मी.

ऑर्विल : मग आज सुटलास. बर्फ पक्का आहे. माझ्या पायाला कळतं.

ड्वेन : तू म्हणतोस म्हणजे झालंच की.

लोर्ना : ड्वेन, सकाळी गिरमिट घेऊन भोकं पाडून आलास ना? दक्षिणेच्या टोकापाशी?

ड्वेन : आलो. तिथे बर्फ जरासा पातळ... पण तिथे काय, दरवर्षीच जरासा असतो.

लोर्ना : बाबा ‘पक्का’ म्हणाले म्हणून हा ‘जरासा’ झाला. भोक पाडलंस तेव्हा काय वाटलं होतं?

ड्वेन : मी हॉलवर बोलतो. गाडी चालू ठेवून आलोय. या तुम्ही.

ऑर्विल : पळाला. हा पहिल्यापासून घाबरट.

लोर्ना : आणि रॉल्फ? तोही घाबरट होता?

ऑर्विल : त्याचं नाव नको मध्ये आणूस. गेल्या वर्षी बैठकीला तो माझ्या शेजारी बसला होता. मान हलवली त्याने. सगळ्यांनीच हलवली.

लोर्ना : बैठकीआधीच तुम्ही पहिलं झाड बर्फात रोवून आला होतात. झाड उभं दिसल्यावर या बेटावर कोण नाही म्हणणार?

ऑर्विल : पहिलं झाड आपल्या घराचं असतं. तो मान आहे.

लोर्ना : पहिली गाडीही आपल्याच घराची जाते. तोही मानच. म्हणून तर रॉल्फ निघाला.

ऑर्विल : लोर्ना, पुरे.

लोर्ना : आदल्या संध्याकाळी जेवताना मला म्हणाला, टोकापाशी गिरमिट फार सहज आत गेलं, खाली पाण्याला ओढ असणार. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, बाकी कुणालाच काही वाटलं नाही, मलाच उगाच वाटत असेल. आणि बाबांचं झाड लागलंय.

ऑर्विल : हे तू मला आज सांगतेस?

लोर्ना : वर्षभर जमलं नाही. त्याला पुरताना तुम्ही ज्या तऱ्हेने उभे होतात, ते बघून तुमची दया आली मला. रागही आला. अजून येतो. नंतर मी एकेकाला गाठून विचारलं. ड्वेनला शंका होती. समितीतल्या बेथलाही होती. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच.

ऑर्विल : मला का नाही सांगितलं त्याने? बाप होतो मी त्याचा.

लोर्ना : म्हणूनच नाही सांगितलं.

ऑर्विल : (खुर्चीवरून उठतो) चल, निघू.

लोर्ना : आज आणखी एक करायचंय. हो-नाही म्हणायच्या आधी प्रत्येकाने धरून चालायचं, की उद्या या रस्त्यावर गाडी बुडाली. आणि कशाने बुडाली ते सांगायचं.

ऑर्विल : असलं अभद्र तोंडाने बोलायचं?

लोर्ना : न बोलता बुडालीच ना एक.

ऑर्विल : आज मी झाड लावलेलं नाही. हवं तर जाऊन बघ.

लोर्ना : बघून आले मी सकाळी.

ऑर्विल : तेव्हा तुझा हा नियम असता, तर आधी कोण बोललं असतं?

लोर्ना : तुम्हाला माहीत आहे.

ऑर्विल : तरी सांग.

लोर्ना : रॉल्फ. समितीत तोच सगळ्यात लहान होता.

ऑर्विल : मी त्याचं मानलं असतं, लोर्ना. पोरगा बोलला असता तर मी मानलं असतं.

लोर्ना : काय माहीत, बाबा. तुमच्या कानावर तरी पडलं असतं. कोट घाला, सगळे खोळंबलेत.